थंडाईतली गोळी

खोल छातीचं पोर कोल्हापुरात जन्माला घालायचंच असेल, तर निदान पैलवानाच्या घरी घालू नये. पण देव कुणाला विचारतो? माझ्या छातीच्या मधोमध जन्मापासून खळगा होता आणि वयाबरोबर तो खोलच होत गेला. तालमीत उघड्या अंगानं उभा राहिलो की पोरं त्यात तांबडी माती भरायची. नाव पडलं ‘वाटी’. माझे वडील आप्पा, म्हणजे दादासो पैलवान, तिथंच असायचे. ते पोरांना कधी रागावले नाहीत. दुसरीकडं बघायचे.

कॉलेजात गेलो तेव्हा कळंब्याचा रस्ता सायकलवरून चढताना जीव घाबरा व्हायला लागला. दोन हजार तीन साली ऑपरेशन झालं. छाती फाडायची गरज नव्हती. दोन्ही काखांखाली लहानशी चीर, आत दुर्बीण, आणि छातीच्या हाडाखालून सरकवलेली स्टीलची वाकडी पट्टी. पट्टी आत फिरवली की खळगा वर उचलला जातो. ती काही वर्षं तशीच ठेवायची, मग काढायची. हॉस्पिटलात पाठीत बारीक नळी घालून औषध सोडलं होतं, त्यामुळं दुखणं कळलंच नाही. आरशात सरळ छाती बघितली आणि मी ढसाढसा रडलो.

घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्यासमोर आप्पांना बजावलं, “आता सगळी भिस्त गोळ्यांवर. घड्याळ बघून द्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. दुखलं तर हा खोल श्वास घेणार नाही आणि आत कफ साठेल.” श्वासाच्या सरावासाठी प्लॅस्टिकचं एक यंत्रही दिलं. नळीतून हवा ओढून तीन निळे चेंडू वर उचलायचे.

घरी पहिलीच गोळी घशाला अडकली. उबळ आली, खोकलो, आणि छातीत कुणीतरी पहार घातल्यासारखं झालं. आप्पा म्हणाले, “ऱ्हाऊ दे. थंडाईत कुटून देतो, कळायचं बी न्हाय तुला.”

आमच्याकडं थंडाई म्हणजे पैलवानाचा खुराक. बदाम, खसखस दगडी कुंडीत घोटून दुधात घालायची. घोटणार पुरुषच. आई किंवा माझी बहीण स्वप्नाली कुंडीला हात लावत नसत. आप्पा स्वतः घोटायचे, माझ्या मानेखाली हात घालून उठवायचे आणि पेला तोंडाला लावायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला थंडाई पाजली. तीही दिवसातून तीनदा. मी खूश होतो.

पण दुखणं हटेना. कूस बदलता येईना, शिंक आली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. तीनपैकी एक चेंडू कसाबसा हलायचा.

“आप्पा, गोळी घातलीया न्हवं?”

“घातली की. दुखणं घोड्याच्या पायानं येतंय आणि मुंगीच्या पायानं जातंय. दम धर.”

मी दम धरला. रात्री उशीत तोंड खुपसून रडलो. वाटायचं, लोक हेच औषध घेऊन हिंडाफिरायला लागतात, माझ्यातच काहीतरी खोट आहे. छाती सरळ झाली तरी आतला माणूस वाटीच राहिला.

तपासणीला गेलो तेव्हा एक्स-रे फोटोत पट्टी जागेवर होती, पण छातीत पाणी धरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, “या गोळ्या चालू असताना एवढं दुखायला नको होतं.”

“पट्टी काढा,” मी म्हणालो. “मला न्हाय सोसत. खळगा परत आला तर येऊ दे.”

त्यांनी आठवडाभर थांबायला सांगितलं. तोवर उतार नाही पडला तर काढू. आप्पा शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होते.

रविवारी तालमीतली माणसं बघायला आली. मी खिडकीच्या आत पडून होतो, ती बाहेर अंगणात बसली. आप्पांचा आवाज मूळचाच मोठा.

“एक गोळी खाल्ली न्हाय पोरानं! पाकीट हितं खिशात हाय बगा, तसंच्या तसं. छातीत लोखंड घातलंय, पर हूं न्हाय का चूं न्हाय. नुसत्या थंडाईवर हाय!”

“शाब्बास!” पिराजी वस्ताद म्हणाले. “शेवटी रगत कुणाचं!”

मग सगळे आत आले. वस्तादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “काय पैलवान?” उभ्या जन्मात मला कुणी पैलवान म्हटलं नव्हतं. आप्पांचा चेहरा असा फुलला होता की जणू मी मैदान मारून आलोय.

कुंपणच शेत खातं म्हणतात. मी ते पेल्या-पेल्यानं पीत होतो.

“आप्पा, खिशातली गोळी द्या,” मी सगळ्यांसमोर म्हणालो.

आप्पा हसले. कुणीच हसलं नाही म्हणून मग थांबले. वस्ताद चपला शोधायला लागले.

माणसं गेल्यावर मी विचारलं, “डॉक्टरांच्यासमोर बी गप्प बसला? पट्टी काढायची म्हणत हुतो मी!”

“गोळीची सवय लागती माणसाला,” ते म्हणाले. मग खाली बघत, “आणि तुज्याबद्दल तालमीत सांगण्यासारखं माज्याकडं दुसरं काय हुतं रं?”

गोळ्या चोरल्या त्याचं मी कधीतरी विसरलो असतो. हे वाक्य नाही विसरलो. केसानं गळा कापला माझा, आणि तोही माझं कौतुक करता यावं म्हणून.

स्वप्नालीनं पाणी आणलं. घसा फाटला तरी चालेल म्हणून मी गोळी गिळली. त्या दुपारी मी घोरत झोपलो. दोन-चार दिवसांत तिन्ही चेंडू वर गेले आणि पट्टी राहिली. पुढं ती वेळेवर निघाली, छाती सरळच आहे. आप्पांच्या हातची थंडाई मात्र मी परत प्यालो नाही. ते घोटायचे, पेला माझ्यासमोर ठेवायचे, आणि मी तो म्हशीच्या घमेल्यात ओतायचो.

यंदा, दोन हजार नऊला, आप्पांचा गुडघा बदलला. त्याच खाटेवर, त्याच खिडकीशी ते पडून असतात आणि लहान पोरासारखे कण्हतात. गोळ्या मी देतो, घड्याळ बघून. त्यांच्या डोळ्यांदेखत पाकीट फोडतो, गोळी तळहातावर ठेवतो. तरी ते ती उजेडाला धरून उलटीपालटी करतात.

“ही दुखण्याचीच हाय न्हवं रं, संग्राम?”

गोळी खरी असते. लागू पडायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास ते माझ्या तोंडाकडं बघत पडून राहतात, आणि मी उत्तर देत नाही.