चिपळूणचा बोळ

जयसिंगपुरात चौगुल्यांच्या भडंगाच्या दुकानात, मुरमुऱ्याच्या पोत्यांमागे, एक दार होतं. ते उघडलं की चिपळूणला जाणारा बोळ लागायचा. माणसाला त्यातून जाता यायचं नाही. बिलं जायची, हिशेब जायचे, आवाज जायचे. चिपळूणच्या शाखेत इंदुआक्का फोनवर बोलायला लागल्या की त्यांचा आवाज हिरव्या बांगड्या मागं सारून, पदर खोचून निघायचा, कुंभार्ली घाट चढायचा आणि इकडे धाकट्या भावाच्या, आप्पासाहेबांच्या, कानाशी येऊन टेकायचा.

खंडेनवमीच्या सकाळी आप्पासाहेबांनी हा बोळ विटा लावून बुजवला.

कारण आदल्या दिवशी डबा आला होता. एसडी-वॅनचा, म्हणजे शाखाशाखांमधलं नेटवर्क सांभाळणारा. राखाडी, भडंगाच्या पुड्याएवढा. आणला होता प्रज्वल तेलीनं. प्रज्वल दुकानाचं कॉम्प्युटरचं सगळं बघायचा. शिकला कुठं नव्हता, मोबाइलवर बघून बघून आणि खोलून खोलून तयार झालेला.

"हा आला म्हणजे जुना बोळ नको न्हवं?" आप्पासाहेबांनी विचारलं होतं. "महिन्याच्या महिन्याला लाइनचं भाडं घेऊन घेऊन जीव खाल्लाय त्यानं."

"नको असंच वाटतंय," प्रज्वल म्हणाला होता. त्याला खरंच तसं वाटत होतं. डबा म्हणजेच रस्ता, अशी त्याची समजूत. आप्पासाहेबांची त्याहून पुढची: डबा लावला की रस्ता आखडणार, चिपळूण सरकत सरकत जयसिंगपूरच्या बाजारात येऊन बसणार, आणि पुन्हा डब्याकडं ढुंकून बघायला लागणार नाही.

शेजारी दुसरा एक बोळ होता, स्वस्तातल्या इंटरनेटचा. पण त्यातून सगळ्या शाखांच्या कॅमेऱ्यांची चित्रं यायची, आणि ती वरातीनं यायची. पुढं बँड, मधे घोडा, डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायका. मुंगीला शिरायला जागा नसायची.

भिंत लिंपून झाल्यावर पूजा झाली. तराजू, झारे, पॅकिंगचं मशीन, पहार, थापी, सगळं मांडलं. मधोमध डबा. आप्पासाहेबांनी त्याला झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकू हात सैल सोडून वाहिलं. पूजेतल्या वस्तूला दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही, ही चौगुल्यांची रीत. डबा बंदच राहिला.

दसऱ्याच्या सकाळी भिंतीमागं कुणीतरी खाकरलं.

"आप्पा, दार उघड रे."

आप्पासाहेबांच्या हातातला चहा सांडला. "आक्का? तू कधी आलीस?"

"मी कुठं येतेय? मी चिपळूणला गल्ल्यावर बसलीय, आ वासून. आवाज तेवढा आलाय पुढं. काल निघाला, हितं येऊन बघतोय तर भिंत."

"मग माघारी जा की."

"माघारी कुठं? वापर थांबला की बोळ आखडतो, ठाऊक न्हाई व्हय तुला? मागनं मिटत आलाय सगळा. हितंच मिटला तर मी जन्माची मुकी बसते बघ गल्ल्यावर. मग भांडशील कुणाशी?"

प्रज्वल पहारीकडं धावला. माळ घातलेली पहार जागची हलली नाही. पूजेतलं लोखंड त्या दिवशी उचलत नाही. आप्पासाहेबांनी नखांनी सिमेंट उकरून बघितलं. कालचं सिमेंट, पण वीस वर्षांचं झालं होतं.

"खांद्याला लागायला लागलंय रे," भिंतीमागून आक्का म्हणाल्या. तक्रार नव्हती, सांगत होत्या.

"आप्पासाहेब, डबा प्लॅस्टिकचा आहे," प्रज्वल म्हणाला.

आप्पासाहेबांनी डब्याकडं बघितलं, देवाकडं बघितलं. मग स्वतःच्या हातानं माळ काढली, गालावर दोन चापट्या मारून घेतल्या आणि म्हणाले, "लाव."

डबा उचलला. वायर घातली, हिरवे दिवे लागले. त्याबरोबर शेजारच्या बोळातला बँड थांबला. घोडा आपणहून भिंतीला लागला, बत्त्यावाल्या बायका अंग चोरून उभ्या राहिल्या, आणि वरातीच्या मधून एक माणूस चालेल एवढी वाट झाली.

तेव्हा प्रज्वलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डबा रस्ता नव्हताच. डबा म्हणजे चौकातला हवालदार. कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं, कुठला रस्ता बंद पडला की कुणाला कुठनं काढायचं, एवढंच त्याचं काम. आणि हवालदार आला म्हणून यांनी रस्ता बुजवला होता.

"आक्का, शेजारच्या बोळात वळा!"

"कुठनं वळू, बाबा? ह्याला दार एकच, आणि ते तुम्ही लिंपलंय."

"मागं, घाटात?"

"घाट गेला मगाशीच. आता कराड जातंय."

राहिली होती वरची वाट, मोबाइलची. भिंत नाही, दार नाही, टॉवरवरनं टॉवरवर. डब्याला सिम घालायची खाच होती. प्रज्वलनं स्वतःच्या फोनमधलं सिम काढलं आणि खाचेला लावलं. जाईना. खाच कुंकवानं गच्च भरली होती. सुईनं उकरलं तर आतून आणखी कुंकू येत राहिलं.

"प्रज्वल," आवाज आता नळीतून आल्यासारखा बारीक झाला होता, "जेवलास का?"

या आक्कांनीच दुकानातला पहिला कॉम्प्युटर त्याला खोलू दिला होता. घरात कुणी त्याला रेडिओला हात लावू देत नव्हतं तेव्हा. समोर वाटी ठेवली आणि म्हणाल्या, स्क्रू ह्यात टाक. परत जोडल्यावर दोन स्क्रू वाटीत उरले. तो घामाघूम. आक्का म्हणाल्या, उरलं तर उरलं, चालतंय का बघ. चाललं. त्या दिवसापासूनची त्याची भाकरी त्या वाटीतली. उपकार म्हणायचं दर दसऱ्याला ठरवायचा आणि दर दसऱ्याला राहून जायचं.

त्यानं सिम जिभेखाली ठेवलं, डब्याची वायर मुठीत घट्ट धरली आणि तोंड उघडलं.

घशातून काहीतरी चढलं. घाट चढून आल्यासारखं, दमलेलं, तिखट-लसणाच्या वासाचं.

"आले गं बाई," प्रज्वलचं तोंड म्हणालं. आवाज आक्कांचा. भिंतीमागं काहीतरी चुटकन मिटलं.

आप्पासाहेब मटकन पोत्यावर बसले आणि रडायला लागले.

प्रज्वलला आता म्हणायचंच होतं. आक्का, तुमचे लई उपकार आहेत. त्यानं म्हटलं. ओठ हलले, दुकानात काही ऐकू आलं नाही. मग डब्यातून चिपळूण ऐकू यायला लागलं. गिऱ्हाइकांची गडबड, आणि मधेच त्याचा स्वतःचा आवाज, तिथल्या गल्ल्यावरून, आक्कांच्या उघड्या तोंडातून: "आक्का, तुमचे लई उपकार आहेत."

"उरलं तर उरलं," प्रज्वलचं तोंड म्हणालं. "चालतंय का बघ."

चालत होतं. दिवे हिरवे होते.

बाहेर सोनं लुटायला सुरुवात झाली. आप्पासाहेब उठले, डोळे पुसले, आपट्याची पानं घेतली. पासष्ट वर्षांचा माणूस. पानं प्रज्वलच्या हातात ठेवली आणि दर दसऱ्याला थोरल्या बहिणीपुढं वाकतात तसे त्याच्या पायाशी वाकले. प्रज्वलनं पाय मागं घ्यायला बघितलं. पाय हलला नाही. हात मात्र आपणहून वर गेला आणि आप्पासाहेबांच्या टकलावर जाऊन टेकला. हातात हिरव्या बांगड्या होत्या.