चोथ्याचा शेक

धाकट्या जावेला पहिली कळ आली तेव्हा मी कमरेपर्यंत गवती चहाच्या ढिगात उभी होते.

घरामागे आमची तेलाची भट्टी आहे. पाती कापायची, टाकीत दाबून भरायची, खालून पाणी उकळायचं. वाफ पात्यांतून वर चढते, नळीतून गार होत उतरते आणि काचेच्या भांड्यात पाण्यावर तेलाची पिवळी साय धरते. मागे उरतो तो चोथा, ओला, वाफाळता, ढीगभर. सासूबाईंच्या लेखी तो कचरा, आणि मी तो उपसणारी थोरली सून.

"वहिनी, आली! आली!" भावजी धावत आले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

"कोण आली?"

"कळ! म्हणजे मला नाही, तिला!"

फावडं टाकलं आणि आहे त्या अवतारात निघाले. सासूबाई भट्टीजवळून हलल्या नाहीत. नव्या पात्यांचा घाणा नुकताच चढला होता आणि पेटलेली भट्टी सोडून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "जा गं, जा! मी बघते इथलं," म्हणाल्या.

धाकटीला कळांची फार धास्ती. नुसतं नाव काढलं तरी हात बर्फ. प्रसूतिगृहातल्या सिस्टरनी तिला आधीच बजावलं होतं, "पोटात कुठला काढा-बिढा घ्यायचा नाही. पण वासाने, शेकाने जिवाला बरं वाटत असेल, तर आमची ना नाही." एवढं ऐकलं आणि हिने परसात लॅव्हेंडर लावलं. फुलं खुडली, स्वतः भट्टी लावली, करंगळीएवढी बाटली भरली. "हिच्या जोरावर निभावेन मी," म्हणायची. बाटली सदा उशाखाली. भावजी चिडवायचे, "माझ्यापेक्षा त्या बाटलीवर तुझा जीव!"

गल्लीच्या या टोकाला आमची भट्टी, त्या टोकाला प्रसूतिगृह. खोलीत खिडकीशी पलंग, भिंतीला टेकवलेली खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी धाकटी. कळ आली की गुडघ्यांत वाकायची, गेली की हसायची. सिस्टरनी बाळाचे ठोके ऐकले. "झकास! घोडं दौडतंय."

भावजींनी मोठ्या ऐटीत बाटली काढली, रुमालावर थेंब टाकले, तिच्या नाकाशी धरले.

"फेका ते!" धाकटी किंचाळली. "डोकं उठलं माझं! बाहेर न्या!"

आम्ही सगळे गारठलो. रुमाल गेला, बाटली गेली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, डोळे पाण्यात पाय सुटलेल्या माणसासारखे. "ताई, आता काय गं? माझ्याजवळ दुसरं काहीच नाही."

"मी आहे ना," म्हणून मी तिला कवेत घेतलं. तेवढ्यात पुढची कळ आली. तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं, माझ्या मळक्या ॲप्रनमध्ये, आणि श्वास घेतला. मग आणखी खोल घेतला. पाठ सैल पडली.

"हाच," ती पुटपुटली. "ताई, हाच वास. भट्टीचा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "सिस्टर, गरम चोथा! कापडात बांधून कमरेला शेकला तर?"

"वाफेतलंच पातं ना? बांधा. पण दुहेरी अभ्रा घाला, आणि आधी माझ्या मनगटाला लावून बघू. भाजलं-बिजलं तर तुम्हालाच शेकेन."

भावजी सुटले ते वाऱ्यासारखे! झाकणाच्या डब्यातून चोथा आला, अभ्र्यात गेला, पुरचुंडी झाली. सिस्टरनी मनगटाला लावली, मान हलवली. मी ती धाकटीच्या माकडहाडावर दाबून धरली आणि तिच्या तोंडून लांब "हाऽऽ" निघाला, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. मग मला भट्टीवरची आमची ओवी आठवली. दोघी मिळून पाती भरताना म्हणायचो ती.

वाफ चढू दे चढू दे, नळीच्या वाटेने,
थेंब उतरू दे बाई, आपल्या मताने.

पहिल्या ओळीला श्वास आत, दुसरीला बाहेर. कळ काही कमी झाली नव्हती, ती उलट वाढतच होती. पण आता धाकटी तिच्यापुढून पळत नव्हती, तिच्या पाठीवर बसली होती. दाराशी सिस्टरसुद्धा गुणगुणायला लागल्या.

पण चोथा निवतो. डबा आला, निवला, दुसरा आला, निवला. मग भावजी रिकाम्या डब्यानिशी दारात उभे. "वहिनी, गरम संपला. नवा घाणा अर्धा पण झाला नाही. आई टाकी उघडू देणार नाही."

अर्धवट भट्टी उघडायची म्हणजे वाफेसकट तेल हवेत. सासूबाईंनी जन्मात केलं नव्हतं ते. धाकटीने ऐकलं. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. "ताई, पुढची येतेय. मोठी आहे."

आणि जिन्यावर धापा वाजल्या. दारात सासूबाई! डोक्यावर वाफाळती पाटी, पदर खोचलेला, चेहरा भट्टीसारखा लाल. त्यांच्यामागोमाग असा घमघमाट आला की शेजारच्या खोलीतल्या बाईने विचारलं, "काय हो, काय आहे?"

"आई, तुम्ही अर्धी भट्टी उघडलीत?" मी विचारलं.

"मग? घाणा पुन्हा चढेल. नातवंड थांबतंय का माझ्यासाठी? हो बाजूला!"

निम्मं तेल अजून पात्यांतच होतं. ती पुरचुंडी सगळ्यांत जोरकस. सासूबाईंनी ती स्वतः धरली, दोन्ही तळव्यांनी, सुनेच्या कमरेवर, आणि घोगऱ्या आवाजात ओवी धरली. दुसरी ओळ पुरी व्हायच्या आत सिस्टर ओरडल्या, "आता! आता जोर लाव, पोरी, डोकं दिसतंय!"

आणि थेंब आपल्या मताने उतरला.

मुलगी. ओली, लालेलाल, मुठी आवळून साऱ्या जगाला जाब विचारणारी. धाकटी रडत होती, हसत होती. "ताई, निभावलं गं मी! निभावलं ना?" भावजी बूट नसलेल्या पायावर नाचत होते.

थोड्या वेळाने धाकटीने हळूच विचारलं, "आई, बरंच तेल वाया गेलं ना?"

सासूबाईंनी नातीच्या टाळूला नाक लावलं. "वाया कुठे? हिच्यात उतरलंय."

भावजींनी निवलेली पाटी उचलली. "हा कचरा कुठे टाकू?"

"खबरदार!" सासूबाई गरजल्या. "कचरा म्हणशील तर! गरम करून आण. आता माझी कंबर धरलीय."