दोरा होता तिथून

देवळाली प्रवराच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता. अनुग्रहाची मोटरसायकल तिच्यावर आदळली आणि तो जागीच गेला.

त्याची आई गोजरबाई रडली नाही. मुलाला माती देऊन घरी आल्यावर ती सुनेला एवढंच म्हणाली, "रेश्मा, बायबल पेटीत टाक. देवाशी माझं बोलणं संपलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी पाळकसाहेब सांत्वनाच्या प्रार्थनेला आले. गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या कडूबाईने आणलेली पिठलं-भाकरी तशीच झाकलेली होती.

"सलाम, बाई."

गोजरबाईने मान हलवली.

रेश्माने पेटीतून बायबल काढून दिलं. पाळकसाहेबांनी मेंढपाळाचं स्तोत्र उघडलं. मयताच्या घरी ते नेहमी तेच वाचत.

"ते न्हाई," गोजरबाई एकदम म्हणाली. "अनूचा दोरा कुठं हाय? तिथून वाचा."

या घरात संध्याकाळी ओळीनं वाचायची रीत होती. आईला वाचता येत नसे, म्हणून अनुग्रह वाचायचा आणि थांबेल तिथे खुणेला दोरा घालायचा. गाळायचं काही नाही, अगदी वंशावळ्यासुद्धा. तेव्हा तो मध्येच थांबून म्हणायचा, "आई, या नावांनी जिभेला गाठ पडली. चहा टाक."

लाल दोरा स्तोत्र अठ्ठ्याऐंशीपाशी होता. पाळकसाहेबांनी पानावर हात ठेवला.

"हे आज नको, बाई. यात दिलासा नाही."

"आमच्यात उड्या मारत न्हाईत. तुमाला जमत न्हाई तर सून वाचंल."

रेश्मा वाचू लागली. कोणी एक माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारत होता. तू तोंड का लपवतोस, असं विचारत होता. त्याची जिवलग माणसं देवानेच दूर केली होती. तिथे रेश्मा थांबली, पुन्हा वाचू लागली. शेवटी त्या माणसाजवळ अंधार उरला.

"पुढं?" गोजरबाईने विचारलं.

"संपलं, आत्या."

"देव काय बोलला?"

"काही नाही."

"असं कसं? नीट बघ."

रेश्माने पान उलटून पाहिलं. "पुढं दुसरं स्तोत्र आहे, आत्या."

गोजरबाई पाळकसाहेबांकडे वळली. "एवढं भांडला, तरी ह्याला पुस्तकातनं काढलं न्हाई?"

"नाही काढलं, बाई."

"म्हंजी असं बी बोललेलं चालतं त्याला."

मग ती छताकडे बघून ओरडली, "माझा अनू का नेलास रं?" आणि जमिनीवर कोसळून रडली. पाळकसाहेबांनी तयार केलेली प्रार्थना केलीच नाही. रेश्मा सासूच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

बऱ्याच वेळाने गोजरबाई उठली. दोरा चाचपून तिने पुढच्या पानात सरकवला.

"उद्याचं तूच वाच," ती सुनेला म्हणाली. "जीभ सुकली आसंल. चहा टाकते."

सवयीने तिने अनुग्रहाचा मोठा स्टीलचा पेला काढला. पदराने पुसत राहिली. शेवटी चहा त्यातच ओतला आणि रेश्मापुढे ठेवला.