कोऱ्या मतपत्रिकेचा साक्षीदार

ऑर्विल ट्वेटेनने मतपत्रिका भरली ती गोठ्याकडच्या खिडकीपाशी बसून. गोठा रिकामा. गाई विकून तीन हिवाळे सरले, तरी हात अजून पहाटे साडेचारला जागे होत आणि आचळं शोधत. खुब्याचं हाड मोडलेलं, म्हणून यंदा मत टपालानं द्यायचं.

नावांपुढचे गोल काळ्या पेनानं घोटून झाले, तेव्हा कुठे त्यानं पाकिटावरचा मजकूर वाचला. साक्षीदाराची सही आणि पत्ता हवा. त्यात काही कमी पडलं की चुकलं, तर मत मोजणार नाहीत.

बायकोच्या, अर्डिसच्या, आजारपणात दोघं घरूनच मत देत. ती त्याची साक्षीदार, तो तिचा. वसंतात ती गेली. लेक अ‍ॅरिझोनात. एकविसाव्या वर्षापासून त्याचं एकही मत चुकलं नव्हतं, आणि आता एका सहीपायी अडलं होतं.

रस्त्यापलीकडे लायल वॉयचिक राहायचा. त्याच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी. चार वर्षांपूर्वी पेंडीच्या दुकानात त्या पाटीवरून दोघांची जुंपली, आणि बोलणं तुटलं. ट्रक समोरासमोर आले की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, एवढीच ओळख उरली होती.

ऑर्विलनं फोन लावला. लायल आला, बूट दाराशी काढून स्वयंपाकघरात उभा राहिला.

"कुठं करू सही?"

ऑर्विलनं कागद पुढे केला. लायलनं चटकन तोंड फिरवलं. "अरे बाबा, हा तर भरलेला! आधी मला कोरा दाखवायचा, मग माझ्यासमोर भरायचा. मी न पाहिलेल्याची साक्ष कशी देऊ?"

"कोण विचारतंय तुला?"

"मीच विचारतोय मला."

"माझं मत बाद झालं तर तुझ्याच पक्षाचं फावेल!"

"तसं जिंकायचं असतं तर मुकाट सही टाकून चुकीचा पत्ता नसता घातला?" लायल म्हणाला, आणि गेला.

ऑर्विलनं गावच्या निवडणुकीचं काम बघणाऱ्या कारकून बाईंना फोन केला. "अहो ऑर्विलकाका," त्या म्हणाल्या, "ती भरलेली मतपत्रिका परत पाठवा, नवी देते. पण उशीर नका करू हं."

नवी यायला पाच दिवस लागले. पाच दिवस घड्याळ बोललं आणि फ्रिज बोलला, तिसरं कुणी नाही.

शनिवारी लायल पुन्हा आला. कोरा कागद त्यानं दोन्ही बाजूंनी पाहिला, मान डोलावली आणि खिडकीकडे तोंड, ऑर्विलकडे पाठ करून बसला. कॉफी ओतून दिली होती ती घोट घोट पिऊ लागला.

कुणाला मत द्यायचं ते ऑर्विलला ठाऊकच होतं. दोन मिनिटांचं काम. पण समोर एक रुंद पाठ होती, शर्टाला सायलेजचा, मुरवलेल्या चाऱ्याचा आंबूस वास होता, खुर्ची करकरत होती. त्यानं पहिला गोल कडेकडेनं घोटला. मग दुसरा.

"तुझा कोपऱ्यातल्या शेतातला मका अजून उभाच का रे?" त्यानं विचारलं.

"ओला आहे. तू गोल घोट."

"घोटतोय."

बराच वेळ गेला.

"झालं का?"

"कॉरोनर राहिलाय." अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं ते पद यादीत शेवटचं होतं.

"त्याला एकच उमेदवार आहे, ऑर्विल!"

"म्हणून काय बघायचंच नाही?"

लायलची पाठ हलली. हसला असावा. मग त्यानं स्वतःच उठून कपात आणखी कॉफी घेतली आणि पुन्हा पाठ करून बसला.

शेवटी भरायला एकही गोल उरला नाही. पाकीट बंद झालं. लायलनं सही केली, पत्ता ठळक अक्षरांत लिहिला. "टपालात मीच टाकतो. माझ्या हातून जाईल, काळजी नको."

"एप्रिलात शाळा मंडळाची निवडणूक आहे," ऑर्विल घाईनं म्हणाला.

"तोवर हाड जुळेल की तुझं. तुझा तू जाशील."

"जुळेल," ऑर्विल म्हणाला.

लायलनं बूट चढवले. ट्रक रस्ता ओलांडून गेला. ऑर्विल वॉकरला धरून उभा राहिला, दुखऱ्या पायावर थोडा भार टाकून पाहिला. पायानं भार पेलला; म्हणजे एप्रिलात साक्षीदार लागणार नव्हता. त्याला मुळीच बरं वाटलं नाही.