हवेची गादी

गादीवरच्या लेबलावर किमतीत एक शून्य कमी होतं. आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला ते पाहताक्षणी कळलं, पण त्याने तोंडाला कुलूप लावलं. बायकोच्या पाठीला पडून पडून जखमा झालेल्या. डॉक्टरांनी हीच हवेची गादी सांगितली होती, आणि खरी किंमत ऐकून तो आधी एकदा हात हलवत परतला होता. काउंटरवर लेबल यंत्राखाली गेलं, पैसे दिले, गादी खांद्यावर टाकून स्वारी पसार.

बरं, याला अजाणपणाचं सोंगही घेता येणार नव्हतं. अंथरुणाला खिळण्याआधी बायको याच दुकानात लेबलं चिकटवायची. चुकीच्या लेबलावर माल गेला की लावणारीला घरचा रस्ता, हा तिथला नियम. शिलाई मशीनला पंख्याचं लेबल लावलं म्हणून तिलाही असंच काढलं होतं. तेव्हा पंख्याच्या भावात मशीन नेणाऱ्या त्या न दिसलेल्या गिऱ्हाइकाला याने शिव्यांची लाखोली वाहिली होती.

"अगं बाई, मला पाठ आहे की नाही तेच कळेना!" गादीवर पडल्या पडल्या ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पण हाताची जुनी सवय जाते कुठे? बोटं काठावरून फिरली आणि लेबलाशी थांबली.

"अहो, हे काय?"

त्याने मान खाली घातली.

"कुणाच्या तरी पोरीच्या पोटावर पाय दिलात तुम्ही. माझं कानातलं मोडा, पैसे भरून या. तोवर उतरवा मला खाली."

"पाठ सोलून निघेल गं तुझी."

"निघू दे."

त्याने तिला जुन्या गादीवर ठेवलं. ती कण्हली आणि त्याला रडू फुटलं.

सकाळी कानातलं मोडून तो दुकानात गेला. मॅनेजरने किमतीतल्या फरकाचे पैसे गल्ल्यात टाकले.

"त्या मुलीला परत घ्या, साहेब. चूक माझी आहे."

"तिला कालच काढलं. दुसरी आली पण."

"राहते कुठे ती?"

"रोजंदारीवरची होती हो. पत्ता कोण ठेवतो?"

घरी बायको दाराकडेच डोळे लावून होती.

"राहिली ना तिची नोकरी?"

तिच्या पाठीखालची चादर जखमांनी ओली झाली होती. त्याने ती पाहिली.

"राहिली," तो म्हणाला.

"चला, जीव भांड्यात पडला." मग त्याने उचललं तेव्हा तिने अडवलं नाही. हवेच्या गादीवर टेकताच तिचे डोळे मिटले. "एकदा घेऊन या हो तिला. चिकटवायच्या आधी शून्यावर बोट ठेवून मोजायचं असतं, तिला सांगीन म्हणते. पोरींना कुणी शिकवतच नाही."

"आणतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, पाहुणी येईल म्हणून, ती त्याच्याकडून केस विंचरून घ्यायची. त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी तो विंचरून द्यायचा.