मागून मारलेली हाक

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिने भरले, खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं चढून बसली. मंचावर पाच वर्षांची एक मुलगी गर्दीकडे तोंड करून अनवाणी उभी होती. तिच्या पाठीमागे थोड्या अंतरावर तिची आई होती. दोघींच्या मधोमध, हातात जाडजूड दांडा घेऊन, साक्षात नादगुरू.

"माउली, हाक मारा," नादगुरू म्हणाले. "जन्मापासून जी हाक लेकराला पोचली नाही, ती मारा!"

"भिंगरी!" आईचा आवाज फाटला.

"ऐक!" नादगुरू गरजले आणि त्यांनी दांडा मंचाच्या फळ्यांवर आपटला.

भिंगरी गर्रकन मागे वळली.

मग काय विचारता! सभागृह हुंदके देऊन रडलं. म्हातारे रडले, पोलीस रडला, माईकवाला रडला आणि त्याचं रडणं माईकमधून सगळ्यांना ऐकू आलं. भिंगरीची आई तर खालीच बसली. नादगुरूंनी भिंगरीच्या तळहातावर एक चॉकलेट ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. फोटो चांगला यावा म्हणून ते बराच वेळ मिटलेले राहिले.

दुसऱ्या रांगेत भिंगरीची आत्या बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं. वळण्याआधी भिंगरीने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं होतं, ते आत्याला दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र लागत नव्हता.

आत्याला गावात शिट्टीवाली म्हणत. ती बहिऱ्या मुलांसाठी स्वस्तातली श्रवणयंत्रं बनवायची. छातीवर काड्यापेटीएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसणारा साचा. मुलांचे कान वाढतात, साचा सैल होतो, आणि सैल झाला की यंत्र कुई करून शिट्टी मारतं. गावाला एवढीच शिट्टी माहीत होती. ते यंत्र लावून जी मुलं बोलायला लागली, त्यांचं बोलणं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तिने हे सगळं सुरू केलं ते भिंगरीसाठी. भिंगरी लहान असताना घरात एकच तक्रार होती, "ही पोरगी ऐकत नाही." ऐकत नाही म्हणून आईने रागावून पाहिलं, ऐकत नाही म्हणून दादाने, म्हणजे भिंगरीच्या बापाने, फटके दिले. तिला ऐकूच येत नाही, हे आत्याने शोधून काढलं तेव्हा पोरगी साडेतीन वर्षांची झाली होती. तेवढा सगळा काळ तिने मार खाल्ला होता आणि तो कशासाठी, ते तिला कधी कळलं नव्हतं. आत्याने रेडिओच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हा उद्योग मांडला.

नादगुरूंचा पूर्वीचा उद्योग नाटकांचे रंगमंच उभारण्याचा. फळ्या ठोकता ठोकता त्यांना ब्रह्मांडाच्या नादाचा साक्षात्कार झाला म्हणे. आता ते अंगात कोट, गळ्यात मण्यांची माळ आणि नावामागे 'संशोधक' लावत. व्यापारी मंडळाने त्यांना समाज बदलणारा अज्ञात संशोधक म्हणून ढालही दिली होती. अज्ञात हे खरंच होतं, कारण त्यांनी काय शोधलं ते कोणालाच ज्ञात नव्हतं.

"यंत्र ही कुबडी आहे!" ते सांगत. "कुबडी दिली की पाय आळसावतो. यंत्र दिलं की कान आळसावतो. प्रत्येक कानात एक अणू झोपलेला असतो. तो माझ्या नादाने जागा होतो. परदेशात यावर मोठं संशोधन चालू आहे. फक्त त्यांना अजून जमलेलं नाही."

लोक टाळ्या वाजवत. मुलांना आधी आठवडाभर आतल्या खोलीत 'कर्णसंस्कार' होत. तिथे आईबापांना मज्जाव, कारण त्यांची स्पंदनं आड येतात. मग मंचावर चमत्कार, आणि चमत्कारानंतर त्याग. पाण्याने भरलेल्या काचेच्या मोठ्या हंडीत आईने स्वतःच्या हाताने मुलाचं यंत्र सोडायचं. भिंगरीच्या आईनेही पर्स उघडली आणि डबी पाण्यात सोडली. दोन बुडबुडे वर आले. सभागृहाने बुडबुड्यांनाही टाळ्या दिल्या.

आठवडाभराने एका संध्याकाळी आत्या दादाच्या घरी गेली. भिंगरी फरशीवर ठोकळे रचत बसली होती. वहिनी, म्हणजे भिंगरीची आई, ओट्यापाशी उभी राहून हाका मारत होती. "भिंगरी! अगं भिंगरी!" भिंगरीने एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला आणि तिसरा शोधू लागली.

"तुम्ही आलात ना वन्सं, म्हणून," वहिनी म्हणाली. "गुरूंनी बजावलंय, घरात संशयी माणूस आलं की कान मिटतो."

"आणि मी यायच्या आधी उघडा होता?"

वहिनीने नळ मोठा सोडला. दादा हलक्या कानाचा, त्याचे कान फुंकायला नादगुरूंना फार वेळ लागला नव्हता. तो आतून ओरडत आला.

"तुझं दुकान बसेल म्हणून तुझा जीव तुटतोय! भाचीचं नाव कशाला घेतेस?"

"दादा, तिला यंत्र लाव. मी दुसरं देते. या वयात कान बंद राहिले तर आलेले शब्द जातात. मग पुढे काहीही लावलं तरी ते धड परत येत नाहीत."

"तुमच्या यंत्राने काय दिलं हो आम्हाला?" वहिनी वळली. तिचे डोळे लाल होते. "छातीवर डबी, गळ्यात वायर, रस्त्यात शिट्टी. चार माणसांत न्यायची सोय नव्हती. तुमचं यंत्र लावून ती जास्तच बहिरी दिसायची. तिथे मंचावर ती कोणासारखीही दिसते. माझ्या हाकेला वळते."

तेवढ्यात भिंगरीची नजर आत्यावर पडली आणि ती हसून म्हणाली, "आया!"

गेल्या महिन्यात ती स्वच्छ 'आत्या' म्हणायची. तो त मिळवायला सहा महिने लागले होते. त गेला होता. उद्या या जाईल आणि परवा नुसता आ उरेल, हे आत्याला कळलं.

"निघ आता," दादा म्हणाला. "पुन्हा हिच्या कानाशी येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आत्याच्या कारखान्यात एक जोडपं वर्षभराच्या मुलाला घेऊन आलं. साचे ओतणाऱ्या बाईने घाईघाईत मुलाला लाकडी बाकावर बसवलं आणि त्याच बाकाला टेकवलेल्या कपाटाचा खण धाडकन बंद केला. मुलगा दचकून वळला.

"ऐकलं! याने ऐकलं!" बाप नाचायलाच लागला.

"ऐकलं नाही हो," साचेवाली ओशाळून म्हणाली. "बाक हादरला, ते त्याच्या बुडाला कळलं. चुकलंच माझं, गादीवर बसवायला हवं होतं."

हा तर कारखान्यातला पहिला नियम. मूल तपासायचं ते जाड गादीवर, पाय अधांतरी ठेवून. बहिऱ्या मुलाला हादरा आपल्यापेक्षा लवकर कळतो. आत्या हा नियम रोज पाळत होती आणि डोळ्यांसमोर घडलेल्या चमत्काराला तो लावायचं तिला सुचलं नव्हतं. अनवाणी पाय. पोकळ फळ्या. दांडा. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पुढच्या सभेला ती सगळी यंत्रं खोक्यात भरून घेऊन गेली आणि थेट मंचापाशी जाऊन हात जोडून उभी राहिली.

"मी शरण आलेय," ती म्हणाली. "माझा सगळा माल हंडीत सोडते. फक्त माझ्या भाचीचा चमत्कार एकदा जवळून दाखवा."

नादगुरूंना आनंद मावेना. "शिट्टीवाली शरण आली!" त्यांनी माईकवरून पुकारलं. "या भगिनी, चपला काढून या. नाद सगळ्यांना क्षमा करतो."

भिंगरी मंचावर आली. मागे वहिनी उभी राहिली, संशयाने बघत. आत्या पुढे झाली आणि काय होतंय हे कोणाला कळायच्या आत तिने भिंगरीला उचलून कडेवर घेतलं.

"वहिनी, हाक मारा."

"तिला खाली ठेवा," नादगुरू घाईने म्हणाले. "पृथ्वीशी संपर्क तुटतो."

"हाक कानाला मारायची की पायाला? वहिनी, मारा हाक."

"भिंगरी!"

नादगुरूंनी सवयीने दांडा आपटला. धप्प! भिंगरी आत्याच्या गळ्याशी असलेल्या बटणाशी खेळत होती. ते तिला फिरवायचं होतं आणि फिरत नव्हतं.

"भिंगरी! बाळा! अगं, मागे बघ ना!" वहिनी किंचाळायला लागली. "भिंगरी!"

भिंगरीने बटण तोंडात घातलं.

वहिनी हाका मारत राहिली, आणि आत्याने तिला मारू दिल्या. तिला थांबवता आलं असतं. पण सगळ्यांनी ते शेवटपर्यंत बघायला हवं होतं, वहिनीनेसुद्धा. आवाज बसल्यावर वहिनी आपोआप थांबली.

मग आत्याने भिंगरीला फळ्यांवर उभं केलं, स्वतः चार पावलं मागे गेली आणि तोंडातून चकार शब्द न काढता टाच आपटली.

भिंगरी झटकन वळली आणि तिने तळहात पुढे केला. चॉकलेटसाठी.

"हा तुमचा कर्णसंस्कार," आत्या गर्दीकडे वळून म्हणाली. "आठवडाभर आतल्या खोलीत पोरांना एवढंच शिकवलं. तळव्याला हादरा बसला की मागे वळा, खाऊ मिळेल. म्हणून अनवाणी. म्हणून फळ्या पोकळ, या माणसाने त्या जन्मभर ठोकल्यात. दांडा तुमच्यासमोर आपटला जात होता. तुम्हा सगळ्यांना तो ऐकू येत होता. इथे ऐकू न येणारी फक्त ही पोरं होती, आणि फसलात तुम्ही."

नादगुरू मात्र कसलेले. त्यांनी घाम पुसला आणि हसले. "शांत व्हा. मी काय म्हणालो होतो ते आठवा. ऐकू येईल, असं मी कधीच म्हणालो नाही. मी म्हणालो, मूल ऐकेल! तुमची मुलं ऐकत नव्हती. आता ऐकतात की नाही? दांडा आपटला की वळतात की नाही?"

आणि पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बापांनी चक्क माना डोलावल्या.

"असं ऐकायला कुत्रीसुद्धा शिकतात," आत्या म्हणाली. "ही भिंगरी 'ऐकत नाही' म्हणून साडेतीन वर्षं मार खात होती. विचारा तिच्या बापाला, तो तिथे बसलाय. तिला न ऐकण्याबद्दल मारलं, आणि आता दांड्याला वळली की तुम्ही टाळ्या वाजवता."

दादाने मान खाली घातली. आजूबाजूच्या लोकांनी त्याच्याकडे निवांत वळून पाहिलं, कारण दुसऱ्याकडे बघणं नेहमीच सोपं असतं. आत्याने त्यांना तेही करू दिलं नाही.

"त्याच्याकडे काय बघताय? माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मी यंत्रं विकते, माझाही स्वार्थ असेल. तुमच्या मुलाला उचला. पाय जमिनीपासून सुटू द्या. त्याला तुमचं तोंड दिसणार नाही असं धरायला सांगा कोणाला तरी, आणि मागून हाक मारा. याला गुरू लागत नाही आणि यंत्रही लागत नाही."

मग मागच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याच्या हातात मुलगा दिला आणि त्याच्या मागे जाऊन म्हणाली, "सोन्या." मग कोणीतरी "राजा" म्हणालं. मग "छकुली". बघता बघता सभागृह हाकांनी भरून गेलं. आधी हळू, मग मोठ्याने, मग ओरडून. बापांच्या खांद्यांवरून मुलं दिव्यांकडे, छताकडे, एकमेकांकडे बघत होती. काही हसत होती. एकही वळलं नाही. या गोंधळात नादगुरू मागच्या दाराने निसटले. त्यांना अडवायला कोणाला सुचलं नाही, आणि दुसऱ्या गावात त्यांना पुन्हा हार घालायला माणसं मिळतील, यात शंका नाही.

वहिनी हंडीशी गेली होती. कोपरापर्यंत हात घालून ती यंत्रं बाहेर काढत होती, एकेक पुसत होती, कानाशी धरत होती. वायरी हिरव्या पडल्या होत्या.

"चालेल का हो हे?" तिने विचारलं.

"नाही."

"तुम्ही आणलेल्यांतलं लावा मग."

"डबी देते. पण कर्णसंस्कारात तिच्या कानात तेल ओतलंय त्यांनी, कडेवर घेतलं तेव्हा दिसलं. आत सगळं सुजलंय. ते बरं होईपर्यंत साचा घालता येणार नाही."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कृतज्ञता वगैरे काही नव्हतं.

"पंधरा दिवस माझी हाक तिला पोचत होती, वन्सं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "खोटी का होईना. तेवढंही तुम्हाला बघवलं नाही."

"नाही बघवलं," आत्या म्हणाली. "त्या पंधरा दिवसांत तिचा एक शब्द गेला. किती गेले ते आता कळेल."

"मग मी तोवर काय करू?"

"हाक मारू नका. समोर जा, खाली बसा, तिला तुमचं तोंड दिसू दे, आणि मग बोला. रोज."

भिंगरी मंचावर एकटीच उभी होती. तिने एक पाय उचलून फळीवर आपटून पाहिला आणि तळहात पसरला. कोणी काही ठेवलं नाही, तेव्हा तिने पुन्हा आपटला. वहिनीने ओले हात पदराला पुसले, मंचावर चढली आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसली.