खालचे दोन बोल्ट

गॅरेजच्या दाराची देखभाल दर सहा महिन्यांनी करायची, हा फोरमनचा नियम एकोणीस वर्षांत मोडला नव्हता. कारखाना सोडून इतकी वर्षं झाली तरी आळीतले सगळे त्यांना फोरमनच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला फोरमनीणबाई. ती बिचारी कारखान्याच्या फाटकातही कधी गेली नव्हती. दार चार आडव्या फळ्यांचं, पत्र्याचं. बटण दाबलं की रुळांवरून वर सरकत जाऊन छताखाली आडवं व्हायचं. एवढं जड धूड, पण आवाज कपाट उघडल्याएवढाच.

गेल्या देखभालीनंतर पंधराच दिवसांत फोरमनना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला तो गेलाच, पण बोलणं-लिहिणंही गेलं. म्हणजे कळत सगळं होतं. काय म्हणायचं तेही डोक्यात लख्ख असायचं, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, "बरोबर". पाणी हवं असलं तरी बरोबर, पाठ दुखत असली तरी बरोबर. बायको सुरुवातीला रडली, मग सवय झाली. मुलीला फोनवर म्हणायची, "जन्मभर माझं एक वाक्य पटलं नाही ह्यांना. आता बघ, उठता-बसता बरोबर."

देखभालीचा महिना आला तेव्हा दार कुरकुरायला लागलं होतं. एका रविवारी सकाळी ती फोरमनना चाकांच्या खुर्चीत बसवून आतल्या दाराच्या उतारावरून खाली गॅरेजमध्ये घेऊन गेली. गाडी त्यांनी आजारपणात विकली होती, त्यामुळे जागा मोकळीच होती. खुर्ची तिने मधोमध लावली, ब्रेक दाबला आणि हत्यारांची पेटी उघडली.

"तुम्ही नुसतं बघा," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं शिडी मीच धरलीय. येतं मला."

आणि खरंच येत होतं. आधी कोरड्या फडक्याने तिने रूळ पुसले. रुळांना तेल लावायचं नाही, धूळ चिकटते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग बिजागऱ्यांना एक-एक थेंब तेल. सैल झालेले नट आवळले. फोरमन डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून बघत होते. आपली बायको इतकं नीट बघत होती, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. बरं वाटलं. लाजही वाटली थोडी.

मग तिने वरच्या फळीचं एक चाक काढलं. फोरमन दर वेळी काढायचे तसंच. चाक रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, परत बसवलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. असं करत करत ती खाली आली, सगळ्यात खालच्या फळीच्या डाव्या कोपऱ्याशी, आणि जमिनीवर मांडी घालून बसली.

फोरमन खुर्चीत पुढे झुकले.

खालच्या कोपऱ्यातलं चाक ते स्वतः कधीच काढत नसत. ज्या लोखंडी पट्टीत ते चाक बसतं, त्याच पट्टीला दार उचलणारी तार अडकवलेली असते, आणि ती तार वरच्या मोठ्या स्प्रिंगने ताणून धरलेली असते. दार बंद असताना तर तो ताण पुरा असतो. ती पट्टी दोन बोल्टांवर उभी. बोल्ट निघाले की पट्टी गोळीसारखी सुटते, आणि समोर हात असो की तोंड, बघत नाही. म्हणून त्यांनी त्या बोल्टांना लाल रंग लावून ठेवला होता. तो रंग आता काळ्या मेणचट थराखाली गेला होता. बायकोला सांगायचं कधी सुचलंच नाही. सांगायची वेळच कुठे आली होती?

"हे चाक फार मळलंय," ती म्हणाली. "कुरकुर ह्याचीच असणार. हेच दोन बोल्ट ना?"

"बरोबर," फोरमन म्हणाले.

त्यांनी जिवाच्या आकांताने मान हलवली. तिची पाठ त्यांच्याकडे होती. पहिला बोल्ट कुरकुरत फिरला आणि तिने तो काढून डबीत टाकला.

"बरोबर," ते ओरडले. "बरोबर, बरोबर."

"अहो, कळलं. करतेय ना." ती हसत होती. दुसऱ्या बोल्टावर तिने पाना बसवला. तो गंजला होता, म्हणून दोन्ही हातांनी जोर लावायला ती चेहरा अगदी पट्टीशी घेऊन वाकली.

फोरमननी ब्रेक सोडायचा प्रयत्न केला. ब्रेक उजवीकडे होता. हाताशी फेकायला काही नव्हतं. पाना अर्धा आटा फिरलेला त्यांनी पाहिला. तेव्हा त्यांनी डाव्या पायाने खुर्चीचं पायदान रेटलं, डाव्या हाताने दांड्यावर जोर दिला आणि स्वतःला खुर्चीतून पुढे फेकून दिलं.

आवाज मोठा झाला. पाना टाकून ती धावत आली. फोरमन फरशीवर आडवे पडले होते आणि डावं मनगट अंगाखाली विचित्र दुमडलं होतं.

"अहो, काय केलंत हे? बसवत नव्हतं तर हाक मारायची ना," ती म्हणाली आणि मग आपणच काय बोललो हे कळून तिने जीभ चावली.

समोरच्या शिंप्याने येऊन त्यांना उचललं. मनगट मोडलं होतं. जो एक हात चालत होता, तोही प्लास्टरमध्ये गेला. मुलगी दोन दिवस येऊन राहिली. आईला रागावली नाही, पण जाताना खुर्चीला कमरेचा पट्टा बसवून गेली.

पुढचे तीन आठवडे फोरमननी कसे काढले ते त्यांनाच माहीत. दार तसंच होतं, एका बोल्टावर, तोही अर्धा आटा सैल. बायको कधीही खाली जाऊन राहिलेलं काम पुरं करील, नाहीतर कचऱ्याचा डबा बाहेर न्यायला बटण दाबील. रात्रंदिवस त्यांच्या मनात तेवढंच. जेवताना ते तिच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि तिला वाटायचं, मीठ कमी पडलं.

एकदा दुपारी ती म्हणालीच, "आज ते चाक उरकून टाकते." आणि पेटीची कडी वाजली. फोरमननी असा काही हंबरडा फोडला की ती पेटी तशीच ठेवून वर आली. थोड्या वेळाने परत उचलली, परत तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ती पलंगाच्या कडेला येऊन बसली. चेहरा उतरला होता.

"एवढं वाईट वाटतं का, मी तुमच्या हत्यारांना हात लावला तर? हरवत नव्हते मी काही. जागच्या जागी ठेवत होते." पदराने तिने त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "नाही लावत. माणूस बोलावते. झालं?"

फोरमननी डोळे मिटून घेतले. तिचं मन दुखावलं होतं आणि ते त्यांना दुरुस्त करता येत नव्हतं. पण माणूस येणार होता.

दारांचा मेकॅनिक दोन दिवसांनी आला. चाळिशीचा, कमी बोलणारा. बायकोने फोरमनना पट्टा बांधून खाली आणलं होतं. मेकॅनिकने बॅटरी मारत वरून खाली दार पाहिलं. म्हणाला, "छान ठेवलंय. तारही शाबूत आहे." मग खालच्या कोपऱ्याशी आला आणि पटकन दोन पावलं मागे सरला.

"ह्याला कुणी हात लावला?"

"मी," ती म्हणाली. "एक काढला होता, दुसरा काढत होते तेवढ्यात हे पडले. का?"

मेकॅनिकने आधी वरच्या स्प्रिंगचा ताण सगळा उतरवला. त्याशिवाय तो खाली वाकलाच नाही. नंतर बोल्ट बसवता बसवता त्याने तिला सांगितलं. फार काही रंगवून नाही. एवढंच, की आणखी तीन-चार आटे फिरले असते तर तोंडावर बसली असती पट्टी, आणि अशा एका घरात तो उशिरा पोचला होता.

 मेकॅनिकने मागे वळून खुर्चीकडे पाहिलं.

"काका, तुम्हाला इथून दिसत होतं?"

फोरमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"त्यांचं मनावर घेऊ नका," ती घाईने म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, ह्या आजारात रडू आपोआप येतं. त्याचा अर्थ लावायचा नसतो."

मेकॅनिक बरं म्हणाला. त्याने स्प्रिंगला पुन्हा ताण दिला, मोटर सोडवून दार हाताने अर्ध्यावर उचललं आणि हात काढून घेतले. दार तिथेच तरंगत राहिलं, खाली आलं नाही की वर गेलं नाही. "वजन बरोबर तोललंय," तो म्हणाला. मग दार बंद करून, मोटर जोडून, पेटी आवरून निघून गेला.

त्याला पोचवायला ती आतल्या दारापर्यंत गेली. मग परत आत आली आणि खालच्या कोपऱ्याशी, त्या दिवशी बसली होती तिथेच, मांडी घालून बसली. तिथून तिने मान वळवून फोरमनकडे पाहिलं. खुर्चीपासून तिच्यापर्यंत किती अंतर आहे हे जणू डोळ्यांनी मोजलं.

"तुम्ही पडला नव्हतात," ती म्हणाली.

फोरमन तिच्याकडे बघत राहिले.

"मी मुलीला सांगितलं, नीट बसत नाहीत. शिंप्याला सांगितलं. डॉक्टरांनाही सांगितलं. वर तुम्हाला रागावले ते वेगळंच." तिचा आवाज फुटला, पण तिने तो सावरला. "आता सगळ्यांना काय सांगू? कोण विश्वास ठेवील?"

ती उठून खुर्चीपाशी आली. पट्टा त्यांच्या पोटाशी काचत होता. तिने तो सोडला, सदरा सारखा केला. फोरमनना वाटलं, आता काढून टाकील. प्लास्टरबाहेरची बोटं त्यांनी तिच्या मनगटावर ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "मला कळलंय, तरी नाही. उद्या मी जिन्यावरून घसरले तर तुम्ही परत असंच कराल."

आणि तिने पट्टा पुन्हा लावला. एक भोक सैल, एवढंच.